मुठीतला खडा

“मोजून घे,” मामा म्हणाले आणि माझ्या ओंजळीत खडे टाकले.

मी मोजले. नऊ होते. वाटाण्याएवढे, ओढ्यातले गुळगुळीत खडे. मामा ते स्वतः निवडून आणत आणि तंबाखूच्या जुन्या पिशवीत ठेवत.

“बरोबर?”

“व्हय, मामा.”

“मोजलंस का नुसताच व्हय म्हणतोस?”

“मोजलं की.”

मामा हसले. टोळीतले सगळेच माझ्या या ‘व्हय’ला हसायचे. तिम्माला भर दुपारी चांदणं पडलंय म्हणून सांगा, तो व्हयच म्हणणार, असं माझा दाजी चारचौघांत बोलायचा. पण बाकीचे मला गुणी म्हणायचे. तिम्मा उलटून बोलत नाही, तिम्मा मोठ्यांच्या शब्दाबाहेर जात नाही. लहानपणापासून हेच ऐकत आलो, आणि खरं सांगायचं तर ते ऐकायला मला फार गोड वाटायचं.

ही गोष्ट सव्वीस वर्षांपूर्वीची. जत तालुक्यात श्रीपती तात्यांच्या विहिरीचं काम आम्ही घेतलं होतं. आमची टोळी विहिरी पाडणारी, पिढीजात. मामा, म्हणजे दुर्गाप्पा मामा, टोळीचे मुकादम. त्यांचा मुलगा संगाप्पा विहिरीच्या तळाशी सुरुंग भरायचा. माझी धाकटी बहीण नागव्वा मामांच्या घरातच, या संगाप्पाला, दिलेली होती. म्हणून तो माझा दाजी. आम्ही सगळे विहिरीच्या काठालाच पालं टाकून राहत होतो.

खड्यांचं काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तळाच्या पाषाणात भोकं पाडायची, त्यांत सुरुंग भरायचे आणि प्रत्येकाची वात जरा कमी-जास्त कापायची, म्हणजे बार एकामागोमाग एक उडतात. जेवढे सुरुंग, तेवढे खडे मुठीत. एक बार वाजला की एक खडा खाली टाकायचा. शेवटी मूठ रिकामी झाली तर सगळे उडाले. एखादा खडा मुठीत राहिला तर खाली एक सुरुंग जिवंत आहे असं समजायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुणी विहिरीत उतरायचं नाही. मग कुणी कितीही बोंबलो.

मोजायला दोघं. एकमेकांकडे पाठ करून उभं राहायचं, म्हणजे एकाचं बघून दुसरा खडा टाकणार नाही. शेवटी समोरासमोर यायचं आणि दोघांनी एकदम मुठी उघडायच्या. मामांच्या वडिलांनी घालून दिलेला हा रिवाज. त्या रिवाजावर आमच्या टोळीत तीस वर्षं माणूस दगावला नव्हता.

एकदम उघडायच्या हे खरं. पण मामांच्या आधी किंवा मामांच्या बरोबरीनं मूठ उघडायची म्हणजे मला कसंतरीच वाटायचं. मोठं माणूस समोर उभं, आणि आपण हात पुढं करायचा? मी नेहमी एक क्षण थांबायचो. मामांची मूठ उघडली की मग माझी. कुणाच्या ते कधी ध्यानातही आलं नाही.

आदल्या दिवशी मात्र घोळ झाला होता. आठ सुरुंग होते. माझी मूठ रिकामी आणि मामांच्या हातात एक खडा. रिवाजाप्रमाणे काम बंद. आदल्याच आठवड्यात विहिरीला झरा लागला होता, तात्यांचे व्याही पाणी बघायला येणार होते, जलपूजन ठरलं होतं, आणि हे अर्धा दिवस काम बंद म्हटल्यावर तात्या नुसते धुमसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी खाली उतरला, सगळी भोकं तपासली. आठच्या आठ साफ उडालेले. मामांनी एक बार ऐकलाच नव्हता.

दाजी वर येऊन सगळ्यांदेखत म्हणाला, “आबा, कान कुठं गहाण टाकलंत?”

सगळे हसले. मीही हसलो, थोडासा.

तात्या म्हणाले, “मुकादम, आता तुम्ही नातवंडं खेळवा. मोजायला दुसरा माणूस बघा. उद्या पूजा आहे, आज संध्याकाळपर्यंत मला तळ साफ पाहिजे.”

“मी तर म्हणतो तिम्मा एकटाच मोजंल,” दाजी म्हणाला. “काय मेव्हणं, मोजशील का?”

मामा माझ्याकडे बघत होते. सत्तरीला आलेला माणूस, हयात सुरुंगात गेलेली, आणि पोटचा पोरगा परक्यासमोर त्याची टर उडवत होता.

“न्हाय दाजी,” मी म्हणालो, “मामा हाईत की. मामा असताना मी एकटा कसा मोजू?”

आयुष्यात मी एवढ्या ठणकावून ‘न्हाय’ बहुतेक तेवढंच म्हणालो असेन. मामांनी तोंड फिरवलं. मग नागव्वानं लसूण घालून तेल कोमट केलं आणि पालाच्या तोंडाशी बसवून सासऱ्याच्या दोन्ही कानांत थेंब थेंब सोडलं. “आता बगा मामंजी, मुंगी चालली तरी ऐकू यील,” असं ती म्हणाली. मामा लहान मुलासारखे मान कलती करून बसले होते.

त्याच दुपारी मामांनी माझ्या ओंजळीत ते नऊ खडे टाकले.

दाजीनं नऊ वाती पेटवल्या, यारीच्या, म्हणजे काठावरच्या क्रेनच्या, पाळण्यात बसला आणि यारीवाल्यानं त्याला वर ओढलं. काठावर उडी मारून तो ओरडला, “हुश्शाऽऽर! सुरुंग हाय, सुरुंग!” बाया पोरं घेऊन लांब पळाल्या. मी आणि मामा बांधावरच्या लिंबाखाली पाठीला पाठ लावल्यासारखे उभे राहिलो. मधे दोन हातांचं अंतर.

पहिला बार उडाला. मी खडा टाकला. दुसरा, तिसरा. चौथ्याला धोंडे वर आले आणि काठावर बदाबदा पडले. पाचवा. सहावा जरा उशिरा आला. सात. आठ.

मग काही नाही.

मी वाट बघत राहिलो. मुठीत एक खडा होता, घामानं ओला झालेला. धूर वर येत होता. लांबून तात्यांचं कुत्रं भुंकत होतं, तेवढाच आवाज. मी मनात पुन्हा सगळे बार मोजून काढले. सहावा उशिरा आला होता. त्या वेळी दोन एकदम उडाले असतील का? असं होतं कधी कधी, जोडबार झाला तर कानाला एकच वाटतो. पण रिवाज सांगतो की शंका असेल तरी थांबायचं, आणि मुठीत खडा होता.

“झालं?” मामांनी विचारलं.

आम्ही वळलो. दाजी, तात्या, बाकीची माणसं जवळ आली होती. सगळ्यांचे डोळे आमच्या हातांवर.

“उघड,” मामा म्हणाले.

मी नेहमीसारखा क्षणभर थांबलो. मामांनी मूठ उघडली. तळहात मोकळा.

अरे देवा! म्हणजे मामांनी नऊ ऐकले. माझा हात तसाच मिटलेला. मी वर बघितलं. मामा माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, माझ्या मुठीकडे बघत होते. असे बघत होते, की ती नजर मी अजून विसरलो नाही. डोळे पाणावलेले, ओठ किंचित हलत होते. मला वाटलं, म्हातारा माझ्याकडे पदर पसरतोय. आज जर मी खडा दाखवला तर काल चुकलेला म्हातारा आजही चुकला, मग मुकादमकी गेली, मग पोरगा सगळ्यांसमोर पुन्हा टर उडवणार. आणि ते सगळं माझ्या हातानं. मामानं मला खांद्यावर खेळवलेलं, बाप मेल्यावर आम्हां भावंडांना सांभाळलेलं.

शिवाय जोडबार झाला असेलच की. त्यांनी ऐकला असेल. मामाच बरोबर असतील. त्यांच्यापुढं माझे कान काय मोठे लागून गेले!

बाकीचे सगळे मामांच्या मोकळ्या हाताकडे बघत होते, तेवढ्यात मी हात मांडीआड नेला. करंगळीच्या फटीतून खडा सुटला आणि मातीत पडला. मी त्यावर पाय ठेवला. मग हात पुढं करून मूठ उघडली.

“रिकामी,” मी म्हणालो.

“वा रं पठ्ठे!” तात्यांनी टाळी वाजवली. “चला, उतरा लवकर.”

दाजीनं बापाच्या पाठीवर थाप मारली. “तेल लागू पडलं की, आबा!”

मामा हसले नाहीत. माझ्या उघड्या हाताकडे बघतच राहिले होते. मला वाटलं, सुटकेनं थिजलेत.

दाजी पहार घेऊन पाळण्याकडे निघाला. मी त्याच्या मागं गेलो.

“दाजी, जरा दम खा की. चा घेऊ आन् मंग उतरा.”

“चा खाली धाड. तात्या खवळलाय, दिसत न्हाय का?”

“धूर तरी जाऊ द्या.”

“गेला की धूर.”

“मंग जरा बगून काम करा. पहार एकदम घालू नका.”

दाजी पाळण्यात बसला, माझ्याकडे बघून हसला. “मेव्हणं, तू आन् तुजी बहीण एकाच मातीचं. तीबी रोज हेच म्हणती.” मग थोडा गंभीर झाला. “का रं? काय झालंय का? मोज बरोबर हाय ना?”

त्यानं सरळ विचारलं होतं. एवढं सोपं करून दिलं होतं त्यानं. मामा दहा पावलांवर लिंबाला टेकून उभे होते आणि आमच्याकडेच बघत होते. तात्या घड्याळ बघत होते.

“व्हय,” मी म्हणालो. “बरोबर हाय.”

पाळणा खाली गेला. मी काठावर उभा राहून खाली बघत होतो. दाजी पाळण्यातून उतरला, धोतर वर खोचलं, वर बघून हात हलवला. मग दगडाच्या राशीत त्यानं पहार घातली. एकदा. दोनदा. काही झालं नाही. जोडबारच होता, मी मनात म्हणालो, मामा बरोबर होते, आई यल्लम्मा, तुझी खणानारळानं ओटी भरतो.

चौथ्या की पाचव्या घावाला बार उडाला.

आणि त्या भयंकर क्षणी, देवाशपथ सांगतो, मी तो मोजला. सवयीनं. नऊ.

पुढचं मी सांगत नाही. वर आणण्यासारखं जे होतं ते आम्ही आणलं. नागव्वा भाकरी थापता थापता पिठाच्या हातानं धावत आली होती. मी तिला धरलं. तिच्या हाताचं पीठ माझ्या शर्टाला लागलं, ते वाळेपर्यंत मी तिला धरून बसलो होतो.

संध्याकाळी पोलीस आले. पंचनामा झाला. त्यांनी विचारलं, मोजत कोण होतं? मी तोंड उघडायच्या आत मामा पुढं झाले.

“मी, सायब. खडं मीच वाटलं. ह्या पोराला एक कमी दिला असणार. ह्याला आठ दिलं, ह्यानं आठ मोजलं. ह्याची काय चूक न्हाय.”

“आणि तुमची मूठ?”

“माझं कान गेल्यात, सायब. आवाज झाल्यासारखं वाटलं, टाकला खडा.”

सगळ्यांना ते पटलं. कालच म्हाताऱ्याचे कान गेलेले सगळ्यांनी बघितले होते. मी मूग गिळून उभा राहिलो. मनाशी म्हणालो, आज नको, आज नागव्वाची अवस्था बघवत नाही, तेराव्यानंतर सांगू. तेराव्याला पाहुणे होते. मग मासिकाचं निमित्त, मग वर्षश्राद्धाचं. माणसाला सांगायचं नसलं की दिवस बरोबर सापडत नाही.

मामांनी टोळी सोडली. ती विहीर तशीच पडून राहिली, पूजा काही झाली नाही. मामा गावी घराच्या पडवीत बसून असायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. नागव्वा दोन वर्षांच्या पोरीला घेऊन त्याच घरात राहिली, सासऱ्याला वेळच्या वेळी भाकरी वाढायची. “म्हातारपणी कान जात्यातच की अण्णा,” ती मला म्हणायची, “त्यास्नी काय दोष द्यायचा? त्यांचाबी पोरगाच गेला न्हवं?” माझी बहीण मनानं एवढी मोठी होती. पुढं मी तिला काही सांगायचं म्हणजे आणखीच अवघड झालं.

चौथ्या वर्षी मामा अंथरुणाला खिळले. निरोप आला, मी गेलो. दुपारची वेळ होती. खोलीत आम्ही दोघंच, नागव्वा बाहेर पाणी भरत होती. मामांचा नुसता सापळा उरला होता, पण आवाज शाबूत.

“तिम्मा, जवळ ये. मोठ्यानं बोल, मला ऐकू येत न्हाय.”

मी त्यांच्या कानाशी वाकलो.

“एक इचारतो. खरं सांग. मरणाऱ्याला फशिवू नको.”

“इचारा, मामा.”

“त्या दिवशी मी तुला खडं किती दिलं होतं?”

मी त्यांच्या अंगावरची वाकळ सारखी केली.

“मी माझ्या मतानं नऊ दिलं होतं,” मामा म्हणाले. “दोन येळा मोजून दिलं होतं. तू मोजून घेतलंस का नुसतंच व्हय म्हणालास? तुजी सवयच ती. कशालाबी व्हय.” त्यांनी श्वास घेतला. “तिम्मा, माझ्या मुठीत खडा होता.”

“काय?”

“मी आठच ऐकलं होतं. एक खडा राह्यला होता हातात. म्या म्हटलं, काल असंच झालं, आजबी माझं कानच चुकलं असणार. पुन्ना खडा दावला तर पोरगं सगळ्यांम्होरं... वळायच्या आधी म्या त्यो धोतराच्या सोग्यात टाकला.” त्यांचा हात माझं मनगट चाचपत होता. “आन् मंग तुझ्या मुठीकडं बगत हुतो. देवाचा धावा करत हुतो, तिम्माच्या मुठीत खडा असू दे. त्याचं कान तरणं हाईत. त्यानं दावला म्हंजी थांबता यील, म्या लपिवलेलंबी झाकून जाईल. तू मूठ उघडलीस. रिकामी. मंग मी म्हटलं, माझंच कान गेलं.”

ती नजर! चार वर्षं मी समजत होतो की म्हातारा अब्रूसाठी पदर पसरतोय. म्हातारा त्याच्या पोरासाठी पसरत होता.

“मंग खालचा उडाला,” मामा म्हणाले, “आन् मला समजलं, तुला एक कमी गेला. म्हंजी खडं मी चुकलो, आन् खडाबी मीच लपिवला. दोन्ही बाजूनं पोराला मीच मारला. पण तिम्मा, राहून राहून वाटतंय, मी नऊच दिलं होतं. सांग. किती होतं?”

मी मान वर केली. दारात नागव्वा उभी होती. डोक्यावर घागर, हातात मामांसाठी भरलेला तांब्या. म्हातारा बहिऱ्या माणसासारखा मोठ्यानं बोलत होता, तिनं सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ती माझ्याकडे बघत होती, मी काय बोलतो म्हणून.

नऊ. एवढा एकच शब्द. त्या शब्दानं मामांचं ओझं निम्मं झालं असतं.

“आठ, मामा,” मी त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. “आठच दिलं होतं.”

मामांनी माझं मनगट सोडलं. “व्हय का,” एवढंच म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केलं.

थोड्या वेळानं त्यांनी पाणी मागितलं. नागव्वानं तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि मागं न बघता परसात निघून गेली. चार वर्षं म्हाताऱ्याला दूषण न देणारी बाई ती. पाणी मी पाजलं. निम्मं उशीवर सांडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा गेले. नागव्वानं त्यांच्या अंगावर फूलही टाकलं नाही.

याला आता बावीस वर्षं झाली. तिच्या पोरीचं लग्न मी लावून दिलं, बहिणीला काही कमी पडू दिलं नाही. गावात दाखला देतात लोक, भाऊ असावा तर तिम्मासारखा. दर भाऊबीजेला नागव्वा पाट मांडते, मला बसवते, कपाळाला टिळा लावते. ओवाळून झालं की ताट खाली ठेवते, माझ्या तोंडावरून हात फिरवते आणि दरवर्षी तेच बोलते.

“म्हाताऱ्यानं खडा लपिवला,” ती म्हणते. “पण तू तरी बरोबर मोजलंस, अण्णा.”

आणि मी व्हय म्हणतो.